पाणी दोन्ही घरांत कमरेएवढंच, मग एकच घर का बसलं? गावाच्या असुरक्षितता मूल्यांकनासाठी सूचना हव्यात

वेदगंगाकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार. आमचं गाव कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी तालुक्यात, वेदगंगेला लागून. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पुरांत निम्मं गाव पाण्यात होतं. यंदा ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात हवामान बदलाचं एक प्रकरण घालायचं ठरलंय, आणि घरोघर फिरून माहिती गोळा करायचं काम आम्हा चार-पाच जणांच्या गळ्यात पडलंय. एक छापील फॉर्म हातात आहे. त्यात विचारलंय काय, तर गावाचं क्षेत्रफळ, लोकसंख्या, सरासरी पाऊस, पिकाखालची जमीन आणि पुरात बाधित घरांची संख्या. झालं!

या फॉर्मप्रमाणं नदीकडच्या गल्लीतला आरसीसी बंगला आणि त्याच्या मागचं कच्च्या विटांचं घर, दोन्ही 'बाधित'. पाणीही दोन्हींत सारखंच आलं. बंगलेवाले वरच्या मजल्यावर गेले, पाणी उतरल्यावर फरशी धुतली, भिंतींना रंग काढला आणि दिवाळी केली. मागच्या घराचं तसं नाही. कच्च्या विटेची भिंत पाण्यात असेपर्यंत उभी असते. पाणी ओसरतं, दोन दिवस कडक ऊन पडतं, मग पायाजवळची फुगलेली माती सुटायला लागते, भिंतीला पोट येतं आणि एखाद्या रात्री ती आडवी होते. २०१९ ला आमच्याकडं घरं पडली ती बहुतेक पूर गेल्यावर. ज्यांचा पंचनामा भिंत उभी असताना झाला ते भरपाईच्या 'सी' गटात बसले, म्हणजे ५० हजार. पूर्ण पडलेल्या 'ए' गटाला ५ लाख. यादीत नाव वर घ्यायला पुढं किती हेलपाटे पडले ते सांगत बसत नाही.

मुद्दा असा की पाणी कुठवर आलं हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल, देवळाच्या पायरीवर खुणा आहेत. पुढच्या वेळी ते कुणाला किती लागणार, हे आधी कसं कळायचं? फॉर्म बाजूला ठेवून आपणच प्रश्न काढावेत असं म्हणतोय. अनुभवी लोकांनी सांगा, काय विचारावं?

आकडेमोड | मंगळवार, रात्री ११:१५

चांगला धागा. थोडी शास्त्राची बाजू मांडतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

आयपीसीसी म्हणजे हवामान बदलावरचं संयुक्त राष्ट्रांचं शास्त्रज्ञ मंडळ. त्यांच्या २००७ च्या चौथ्या अहवालात असुरक्षिततेची मांडणी तीन गोष्टींवर होती: संकट किती आणि कसं अंगावर येतं, त्याची झळ किती बसते, आणि जुळवून घेण्याची क्षमता किती. २०१४ च्या पाचव्या अहवालात ही मांडणी बदलली. पूर, दुष्काळ, अतिवृष्टी हे संकट एकीकडं काढलं. त्याच्या वाटेत कोण आणि काय सापडतं हे दुसरीकडं. असुरक्षितता म्हणजे फक्त त्या घराची, माणसाची, शेताची आतली स्थिती, झळ किती बसेल आणि सावरायची ऐपत किती. हे तिन्ही एकत्र आलं की जोखीम होते.

आता तुमची दोन घरं घ्या. संकट सारखं, जागा जवळजवळ सारखी. फरक सगळा तिसऱ्या गोष्टीत, आणि नेमका तोच तुमच्या फॉर्ममध्ये नाही.

आपल्याकडं २०२१ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं देशभराचा एक अहवाल काढला. काम आयआयटी मंडी, आयआयटी गुवाहाटी आणि बंगळूरच्या आयआयएससीचं. त्यात पावसाचा आकडा मुद्दामच धरलेला नाही. दारिद्र्यरेषेखालची लोकसंख्या, अल्पभूधारक किती, कोरडवाहू क्षेत्र किती, पीकविमा, मनरेगा, रस्ते आणि रेल्वे, आरोग्य कर्मचारी, पाण्यातून आणि डासांतून पसरणारे रोग, कामात स्त्रियांचा सहभाग, असे निकष आहेत. राज्यांत सगळ्यात असुरक्षित झारखंड निघालं, सगळ्यात कमी महाराष्ट्र. निकष पाहून घ्या, तुमच्या कामाचे आहेत.

बाराबंदी | बुधवार, सकाळी ७:०५

सगळ्यात कमी महाराष्ट्र? मग २०१९ ला कोल्हापूर-सांगली काय झारखंडात हुती व्हय?

आणि वेदगंगाकाठ, राग मानू नका खरं, हे सर्वे आमी लई बघितलेत. कुणीतरी वही घेऊन येतंय, जनावरं किती, संडास हाय का, रेशन कार्ड कुठल्या रंगाचं. चहा पिऊन जातंय. परत त्याचं तोंड दिसत न्हाई. वरनं धरणाचं पाणी सोडत्यात, खाली कृष्णेवरचे आलमट्टी धरणवाले अडवून धरत्यात, मधी आमी. त्याला असुरक्षितता मोजून काय फरक पडणार? दरवाजे कधी उघडणार तेवढं सांगा म्हणावं.

आकडेमोड | बुधवार, सकाळी ८:३०

बाराबंदी, पहिला टोला मान्य, पण तो अहवालावर बसत नाही. त्या यादीत पाऊस मोजलेलाच नाही म्हटल्यावर महाराष्ट्र खाली दिसणं आणि तिथं पूर येणं यात विसंगती नाही. खरी खोट वेगळीच आहे. राज्याची सरासरी काढली की पुरात बुडणारं शिरोळ आणि मुंबई एकाच आकड्यात जातात.

निवृत्त_पाटबंधारे | बुधवार, सकाळी ९:१०

नदीबद्दल थोडं. वेदगंगेचं पाणी भुदरगडातून येतं, तिच्यावर पाटगावचं धरण. दूधगंगेवर काळम्मावाडी. वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा पुढं चिकोडी तालुक्यात कृष्णेला. कृष्णेत तोवर नरसोबावाडीच्या संगमावर पंचगंगा येऊन मिळालेली असते. कृष्णाच तुडुंब असली की दूधगंगा-वेदगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. म्हणून निपाणी तालुक्यातला पूर चढतो भराभर आणि उतरतो रडतखडत.

याचा तुमच्या सर्वेक्षणाशी संबंध असा. कर्नाटकानं ग्रामपंचायतीगणिक स्वयंचलित पर्जन्यमापक बसवलेत, सहा हजारांच्या वर, देशात असं जाळं फार थोड्या राज्यांत आहे. पण तुमच्या पंचायतीच्या मापकात दिवसाला १०-१५ मिलिमीटर दिसत असताना तुमचं गाव बुडू शकतं, कारण पाऊस पडतो पाटगावला. तेव्हा 'गावातला सरासरी पाऊस' हा रकाना तुमच्याकडं जवळजवळ निरुपयोगी. त्याजागी हे विचारा: वरून पाणी सोडलं हे घरात कुणाकडून कळतं, आणि कळल्यापासून अंगणात पाणी यायला किती तास मिळतात.

आलमट्टीबद्दल दोन्ही राज्यांत तावातावानं बोलतात. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्रानंच नेमलेल्या वडनेरे समितीनं सांगली-कोल्हापूरच्या पुराचं खापर आलमट्टी धरण आणि हिप्परगी बंधाऱ्याच्या फुगवट्यावर, म्हणजे मागं तुंबणाऱ्या पाण्यावर, फोडलेलं नाही. आलमट्टीची आजची पूर्ण पातळी ५१९.६ मीटर. ती ५२४.२५६ करण्याला महाराष्ट्राचा विरोध आहे आणि तो वाद चालूच राहील. तुमच्या गल्लीतली कच्ची भिंत त्या निकालाची वाट बघत थांबणार नाही.

संपादक | बुधवार, सकाळी ११:००

सीमाप्रश्नावर आणि 'पाणी कुणी सोडलं' यावर वेगळे धागे आहेत. दोन प्रतिसाद तिकडं हलवले आहेत. इथं विषयावर राहावं ही विनंती.

कणकुंबीकर | बुधवार, दुपारी १:२०

जिल्ह्याचा आकडा म्हणजे काय ते आम्हाला विचारा. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पाऊस हजारांत मोजायचा आणि तिकडं अथणीला पाचशेच्या आसपास. दोन्हींची सरासरी काढून बेळगाव जिल्ह्याचा पाऊस म्हणून छापतात. तेवढा पाऊस पडणारा गाव जिल्ह्यात शोधून दाखवा!

आमच्याकडं पूर घरात येत नाही, उतारावरनं निघून जातो. मलप्रभा आमच्या कणकुंबीत उगम पावते, आणि एप्रिल-मे मध्ये आजूबाजूच्या वाड्यांत बायका घागर घेऊन लांब जातात. जांभ्याची जमीन, पाणी धरत नाही. पावसाळ्यात उलटं. ओढ्यावरचा लाकडी साकव वाहून गेला की वाडी तुटली. वीज आठवडा-आठवडा नाही, मोबाईलला रेंज नाही. दिवस भरत आलेल्या बाईला मृग लागायच्या आधीच खाली पाहुण्यांकडं पोचवतात, ही आमची जुनी पद्धत आहे. आकडेमोडसाहेब म्हणतात ती जुळवून घेण्याची क्षमता हीच असेल. पण ज्या घराला खाली पाहुणेच नाहीत त्यांनी काय करायचं? हा प्रश्न कुठल्या फॉर्मात असतो?

आणि भाताचं सांगतो. आमच्याकडं धूळवाफ पेरणी, म्हणजे कोरड्या मातीतच, वळवाच्या भरवशावर. वळीव दगा देतो किंवा मधेच पंधरा दिवस उघडीप पडते, मग एकदम कोसळतो. उगवण विरळ, परत पेरा, वर करपा रोग. काजूलाही मोहराच्या वेळी ढगाळ हवा आली की ढेकण्या कीड पडते. ज्याच्याकडं भात, काजू आणि घरातला एक माणूस गोव्यात नोकरीला, ते घर तरतं. ज्याचं सगळं एका भातावर, ते बसतं. तेव्हा प्रश्न असा घाला: घरात पैसा किती वाटांनी येतो, आणि त्यातल्या किती वाटा एकाच पावसानं बंद होतात.

कोरडवाहू | बुधवार, दुपारी ३:४५

कणकुंबीकर, अथणी म्हणजे नुसता दुष्काळ नव्हे. तालुक्याच्या कृष्णाकाठाला ऊसच ऊस आणि पूर, तेलसंग-अनंतपूरकडं टँकर. एकाच महिन्यात एकाच तहसीलदारानं एकीकडं बोटी आणि दुसरीकडं टँकर पाठवायचे. २०२३ ला कर्नाटकातले २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले, म्हणजे जवळजवळ सगळेच. यादीत सगळेच असल्यावर यादीचा उपयोग काय?

दुष्काळात फरक बोअरनं पडतो. ज्याच्या रानात तीन बोअर कोरडे गेले आणि चौथ्यासाठी सोसायटीचं कर्ज आहे, त्याला कागदोपत्री 'बागायतदार' म्हणतात. द्राक्षाची बाग असली तर विचारूच नका. त्याच्यापेक्षा नुसती ज्वारी-तूर करणारा निवांत, त्याचं बुडून बुडून किती बुडणार? जमीन जास्त, सिंचन जास्त म्हणजे सुरक्षित असं धरून चालू नका. बाहेरून घेतलेलं पैसे-पाणी जितकं जास्त, तितका एका वाईट वर्षाचा दणका मोठा. हैदराबादच्या 'क्रीडा' या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं २०१९ मध्ये शेतीसाठी ५७३ ग्रामीण जिल्ह्यांचा अभ्यास केला, त्यात ३१० जिल्हे जास्त किंवा अतिजास्त जोखमीचे निघाले. निम्म्याहून जास्त देश. त्यावरून माझ्या बांधावर काय करायचं हे कळत नाही, ते बांधावरच येऊन विचारावं लागतं.

मास्तरीणबाई | बुधवार, रात्री ८:५०

आमची शाळा दर पुराला काळजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांचं आसऱ्याचं ठिकाण, होते. वर्गांत माणसं, व्हरांड्यात सामान, मैदानात जनावरं. त्यामुळं कोण कधी येतं हे बघायला मिळतं. सगळ्यात उशिरा येतात ते जनावरंवाले. म्हैस सोडून यायला कुणी तयार नसतं, आणि खरंच आहे, दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पैसा तिच्यावरच असतो. बाई-मुलं येतात, गडी माणूस गोठ्यात राहतो आणि मग बोट न्यावी लागते. म्हणून 'जनावरं किती' एवढंच लिहू नका, 'ती हलवायची कुठं आणि वैरण कुणाची' हे लिहा. कडब्याची गंजी भिजली तर पुढचे सहा महिने विकतची वैरण.

माझ्याकडून आणखी काही: घरात एकटी राहणारी म्हातारी माणसं, अंथरुणावरचं माणूस, डायलिसिसवाला, इन्सुलिन घेणारं कोण आहे. पूल बुडाला की कुठल्या दवाखान्यात जायचं. भोज–कारदगा, मलिकवाड–दत्तवाड, अकोळ–सिदनाळ हे पूल आधी जातात हे सगळ्यांना पाठ आहे, पण २०१९ ला यमगर्णीजवळ हायवेच बंद पडला तेव्हा निपाणीलाही जाता येईना.

आणि एक प्रश्न बायकांना वेगळं बसवून विचारा: आठवड्याचा हप्ता किती? मायक्रोफायनान्सचे दोन-तीन गट बऱ्याच घरांत आहेत. पुरात मजुरी बंद, हप्ता चालू. वसुलीच्या जाचाविरुद्ध राज्य सरकारनं २०२५ मध्ये वटहुकूम काढला खरा, तरी हप्त्याच्या दिवशी दारात माणूस उभा राहिला की बाई कानातलं गहाण टाकते. नवऱ्यासमोर विचारलंत तर 'कर्ज नाही' असं उत्तर मिळेल, लिहून ठेवा.

इशाऱ्याचा मेसेज मोबाईलवर येतो. कन्नड आला की मराठी म्हातारे बाजूला ठेवतात, मराठी आला तरी अर्ध्या जणांना चष्म्याशिवाय दिसत नाही. आमच्याकडं देवळाच्या भोंग्यावरून सांगितलेलंच चालतं. भोंग्याला वीज लागते, आणि वीज आधीच गेलेली असते. तर त्या भोंग्याला बॅटरी आहे का हेही एका रकान्यात टाका.

वेदगंगाकाठ | बुधवार, रात्री १०:३०

एकेक प्रतिसाद वाचून वही भरत चाललीय. मास्तरीणबाई, भोंग्याची बॅटरी हा रकाना उद्याच घातला.

कोरडवाहू म्हणतात त्याला जोड देतो. आमच्याकडं नदीकाठाला उपसा सिंचनाच्या मोटारी. पाणी चढायला लागलं की रात्री ट्रॅक्टर, साखळदंड आणि आठ-दहा माणसं घेऊन त्या वर ओढाव्या लागतात. चिखलात ट्रॅक्टरचं चाक फिरतं, कुणीतरी बॅटरी धरून उभा, स्टार्टरची पेटी आधी सोडवायची, मग पाइपाचे नट. ज्याचा ट्रॅक्टर आणि पोरं घरची, त्याची मोटार वेळेत निघते. ज्याला दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट बघावी लागते त्याची बुडते, मग रिवाइंडिंगचा खर्च आणि पूर गेल्यावर ऐन गरजेला पाणी नाही. ऊस स्वतः चिवट आहे. शेंडा पाण्यावर राहिला तर आठवडाभर तग धरतो. शेंड्याच्या पोंग्यात गाळ बसला की कुजतो. म्हणजे एकाच शिवारात चार फूट उंच जागेचा ऊस वाचतो आणि नदीलगतच्या मळीतला जातो, कागदावर मात्र दोघांचं क्षेत्र 'पूरबाधित ऊस'.

आणि फाळ्यानं, म्हणजे दुसऱ्याचं रान खंडानं, करणारे. हा सगळ्यात मोठा घोळ. उतारा मालकाच्या नावावर, फ्रूट्स आयडी (सरकारी शेतकरी नोंदणीचा नंबर) मालकाचा, भरपाई त्याच्याच खात्यात. बी, खत, भांगलण, सगळा खर्च फाळेवाल्याचा. मालक निपाणीत नाहीतर पुण्यात. चांगला मालक असला तर निम्मे देतो, कायद्यानं कुणी सांगायला जात नाही. उताऱ्यावरून सर्वेक्षण केलं तर ही घरं दिसतच नाहीत. आम्ही ठरवलंय, उतारा मागायचा नाही, 'यंदा रान कुणी केलं' एवढंच विचारायचं.

बासमती | गुरुवार, सकाळी १०:०५

खेडेगावचं झालं, शहराच्या कडेचंही ऐका. बेळगावात वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूरचं शिवार, एके काळी इथल्या बासमतीचा वास गल्लीत यायचा. बळ्ळारी नाला गाळानं आणि जलपर्णीनं भरलाय. पाऊस पूर्वीएवढाच पडला तरी पाणी शिवारात पसरतं आणि आठवडाभर हलत नाही. पेरलेलं कुजतं, दुबार पेरणी. वरच्या अंगाला प्लॉट पडलेत, काँक्रीट झालंय, त्यांचं पाणीही आमच्याकडंच. नाला साफ करा म्हणून किती निवेदनं दिली त्याचा हिशेब ठेवणं सोडलंय.

हवामान बदलाच्या नावाखाली हे सगळं खपवू नका एवढंच म्हणणं आहे. पाऊस बदलला हे खरं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलंय की १९५० पासून मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिप्पट झाल्यात. पण नाला कुणी बुजवला? ते आभाळानं केलेलं नाही. तुमच्या प्रश्नांत 'पाणी निघून जायची वाट कुठं होती आणि आता तिथं काय आहे' हे जरूर घाला, आणि उत्तर नकाशावर काढा, तोंडी नको.

आकडेमोड | गुरुवार, दुपारी १२:४०

आता हे सगळं गोळा केल्यावर पुढं काय, ते सांगतो. नेहमीची रीत अशी. प्रत्येक निकष ० ते १ मध्ये आणायचा. समजा पाच गल्ल्या आहेत, कच्च्या घरांचं प्रमाण सगळ्यात कमी १० टक्के आणि सगळ्यात जास्त ६० टक्के. तर ३५ टक्क्यांच्या गल्लीला (३५ उणे १०) भागिले (६० उणे १०), म्हणजे ०.५. सगळ्या निकषांचं असं करून सरासरी काढली की निर्देशांक तयार. त्या राष्ट्रीय अहवालातही सगळ्या निकषांना सारखंच वजन दिलंय.

यात दोन फटी आहेत. एक, हे आकडे तुलनेचे. तुमच्या पाच गल्ल्यांत पहिली आली म्हणजे ती गल्ली फार वाईट असं नाही, आणि शेवटची आली म्हणजे निर्धास्त असंही नाही. दुसरी मोठी. सरासरीत एकाचं चांगलं दुसऱ्याचं वाईट झाकतं. गल्लीला पक्का रस्ता आहे, शाळा जवळ आहे, म्हणून कच्च्या भिंतींचा आकडा खाली ओढला जातो.

म्हणून गावपातळीवर एकच निर्देशांक काढू नका, असं माझं मत. जिल्ह्यांना निधी वाटायचा असेल तर निर्देशांक ठीक. तुम्हाला पावसाळ्याआधी काय करायचं ते ठरवायचंय. वेगवेगळ्या याद्या करा. कच्च्या भिंतीची घरं, न हलणारी माणसं, जनावरं हलवायला जागा नसलेली घरं, फाळेवाले, हप्तेवाले. जे घर तीन-चार याद्यांत सापडेल तिथं आधी जायचं. आकडेशास्त्राची पदवी नसलेल्या पंचायत सदस्यालाही हे समजतं, आणि समजलं तरच तो मागं लागेल.

बाराबंदी | गुरुवार, दुपारी २:१५

हे पटलं. रस्ता हाय म्हणून भिंत पडायची ऱ्हात्या व्हय!

खरं एक इचारतो, ह्या याद्या कुणाच्या हातात जाणार? आमची गल्ली लाल केलासा की उद्या कुणीतर म्हणणार, उठा, पुनर्वसनाला चला. २००९ च्या पुरानंतर सरकारनं 'आसरे' योजनेची घरं बांधली न्हवं, बागलकोटाकडं? कितीतरी रिकामी पडली. रान हिकडं, घर तिकडं, म्हशीला जागा न्हाई, कोण जाणार? आणि पोराचं लग्न ठरवताना पोरीकडचे इचारत्यात, तुमची गल्ली बुडत्या न्हवं? आता तुमी छापून द्या म्हंजे झालंच.

मास्तरीणबाई | गुरुवार, सायंकाळी ६:३०

बाराबंदी हसण्यावारी बोलतात पण मुद्दा पक्का आहे. आजारपण, कर्ज, एकटी बाई कुठं राहते, ही माहिती ग्रामसभेत फळ्यावर लावायची नाही. पंचायतीला नुसते आकडे द्या, नावांची वही पावसाळ्यात ज्यांनी बोट घेऊन जायचं त्यांच्याकडं. आणि लोकांना आधी सांगा की ही वही कशासाठी.

निवृत्त_पाटबंधारे | गुरुवार, रात्री ९:२०

सर्वेक्षण कधी करताय? दिवाळीनंतर लगेच केलंत तर ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांची घरं कुलूपबंद सापडतील, वीटभट्टीवर गेलेलीही. कागदावर ती घरं 'बंद' म्हणून जातील, आणि जूनमध्ये हीच माणसं परत येऊन त्याच कच्च्या घरात राहतील.

वेदगंगाकाठ | गुरुवार, रात्री १०:१०

हे लक्षातच आलं नव्हतं. मग असं करतो. आता एक फेरी, बंद घरांची वेगळी यादी, आणि दुसरी फेरी मे मध्ये, टोळ्या परतल्यावर. प्रश्न दोन पानांत बसवतोय. पहिल्या पानावर घर: भिंत कशाची, वर जायला माळा किंवा मजला आहे का, निरोप कुणाकडून येतो, किती तास मिळतात, न हलणारं कोण, औषध कुठलं, जनावरं कुठं नेणार, वैरण कुणाची. दुसऱ्यावर पैसा: किती वाटांनी येतो, रान कुणी केलं, मोटार कुणाच्या ट्रॅक्टरनं निघते, कर्ज कुणाचं. विमा असेल तर तेही, आणि नुकसान ७२ तासांत कळवावं लागतं हे ठाऊक आहे का. पूर असताना ७२ तासांत कोण कुठं कळवणार हा वेगळाच विनोद आहे. बायकांचे प्रश्न स्त्रीशक्ती संघाच्या बैठकीत, मास्तरीणबाई म्हणतात तसे, पुरुष नसताना.

बासमती, नकाशासाठी जुना गावठाणाचा नकाशा तलाठ्याकडं मागितलाय.

कणकुंबीकर | शुक्रवार, सकाळी ८:००

तयार झालं की इथं टाका. आमच्या वाड्यांसाठी पुराचे रकाने काढून साकव, रेंज आणि पाहुण्यांचे घालतो.

बाराबंदी | शुक्रवार, सकाळी ८:४५

आमच्या गल्लीला सकाळी लवकर येऊ नका, धारा असत्यात. सातनंतर या, मी हाय बरोबर.